पुरणपोळीसकट

आमच्या कंपनीत कोणाची स्लाइड वाकडी झाली की ती माझ्याकडे येते. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा आमचा कारखाना. भाग बनवण्यात माझा हात नाही. पण ते किती बनले, गिऱ्हाइकाकडून किती परत आले आणि का परत आले, हे साहेबांना पडद्यावर दाखवायचं काम माझं. आणि मी ते असं दाखवतो की परत आलेले भागसुद्धा देखणे वाटतात. उगाच नाही सांगत. एकदा साहेब आकडे बाजूला ठेवून म्हणाले होते, "निरंजन, ह्या निळ्या रंगाला काय म्हणतात रे?"

ह्या देखणेपणाचं मर्म एकच. मास्टर. ज्यांना आयुष्यात एकही स्लाइड करावी लागली नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो, मास्टर म्हणजे साचा. करंजीचा असतो तसा. बोधचिन्ह कुठे बसणार, नाव कुठे येणार, अक्षर केवढं असणार, हे साच्यात एकदा ठरवलं की पुढच्या सगळ्या स्लाइड्स त्याच वळणाच्या निघतात. साच्यात तुम्ही एक टिंब दिलंत तर ते प्रत्येक स्लाइडवर उमटणार. आणि स्लाइडवर बसून ते कितीही पुसा, जाणार नाही. त्यासाठी परत साच्यातच जावं लागतं. हे शेवटचं वाक्य मी नव्या लोकांना शिकवताना आवाज चढवून सांगतो.

तर झालं असं. मराठवाड्यातून कामधंद्यासाठी पिंपरी-चिंचवडला आलेल्या आमच्या लोकांचं एक मंडळ आहे. हळदीकुंकू, दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार, आणि वर्षातून एकदा वधू-वर मेळावा. मंडळाच्या अध्यक्ष सुमनताई म्हणजे माझ्या बायकोची, मोनिकाची, सख्खी मावशी. मी त्यांना मावशी म्हणतो. त्या मला खूश असल्या की निरंजनराव म्हणतात आणि रागावल्या की जावईबापू.

गेल्या वर्षीच्या मेळाव्यात प्रत्येक घराने आपापली स्लाइड करून आणली होती. एका मुलाच्या मागे बर्फाचे डोंगर होते आणि तो स्वतः उभा होता बनियनवर. एकाची अक्षरं एकेक करून वरून गळत होती; 'पगार' हा शब्द खाली पोचेपर्यंत त्याची वेळ संपली. एका मुलीच्या फोटोभोवती इतके गुलाब की तिचे वडील उभे राहून "ही आमचीच" असं सांगत होते. आणखी एकाने मध्येच टाळ्यांचा आवाज घातला होता. तो नेमका त्याच्या वयावर वाजला.

पिंपळे गुरवला आमच्या घरी बसून मावशी हे सगळं आठवत होत्या आणि कपाळाला हात लावत होत्या. मी म्हणालो, "मावशी, यंदा मला द्या. सगळे एका साच्यात बसवतो. एकच रंग, एकच अक्षर, फोटोची चौकटसुद्धा सगळ्यांना सारखी. श्रीमंताची आणि गरिबाची स्लाइड ओळखू यायची नाही."

मावशींना हे शेवटचं फार आवडलं. "निरंजनराव, हेच तर पाहिजे," त्या म्हणाल्या. "पडद्यावर तरी सगळे सारखे दिसू देत."

मोनिका आतून म्हणाली, "जरा बेताने घ्या." पण तिचं असं नेहमीचंच, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

मेळाव्यात मी एक नाव स्वतःहून घातलं, ते सुजितचं. हा आमच्या कंपनीत तपासणी विभागात आहे. जिंतूरकडचा मुलगा. कुरुळीत तिघा मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. स्वभावाने इतका शांत की जेवणाच्या सुट्टीत तो टेबलावरून उठून गेला हे त्याचं ताट गेल्यावर कळतं. त्याला बऱ्याच ठिकाणी दाखवून झालं होतं आणि नकार ठरलेले होते. शिफ्टची नोकरी नको. कुरुळी लांब पडतं. स्वतःचा फ्लॅट नाही. ह्यातलं काहीच खोटं नव्हतं.

कँटीनमध्ये मी त्याची माहिती घेत होतो. शिक्षण झालं, उंची झाली, गाव झालं. मी विचारलं, "विशेष काही? म्हणजे एखादी कला, खेळ, गाणं?"

त्याने ताकाचा ग्लास बाजूला सरकवला. मग म्हणाला, "सर, मला स्वयंपाक येतो."

"म्हणजे मॅगी वगैरे?"

"नाही सर. सगळाच. पुरणपोळीसकट."

मी हातातला पेन खाली ठेवला. मग हळूहळू त्याने सांगितलं. कुरुळीत आल्यावर खानावळीचं तेलकट खाऊन पोट बिघडलं, तेव्हा त्याने गावी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन मिठाच्या बरणीला टेकवून भेंडीची भाजी केली. आई तिकडून सांगत होती, आता झाकण काढ, आता हलव. मग रोजचंच झालं. आधी भाजी, मग भाकरी, मग सणावाराचं. "आईला लई बरं वाटायचं सर," तो म्हणाला. "म्हणायची, आजवर मला कोणी काही विचारलंच नव्हतं."

मी म्हणालो, "हे लिहायचं."

"नको सर. हसतील."

"अरे, हेच तुझं वेगळेपण आहे. शंभर मुलांत एकाला हे येत असेल. एक ओळ लिहू. बघ तू."

त्याने होकाराची मान हलवली. पण जाताना परत येऊन म्हणाला, "सर, पुरणपोळीसकट हे तेवढं ठेवा मग. आईने बघितलं तर तिला आवडेल."

मी ओळ तयार केली: 'स्वयंपाक उत्तम येतो, पुरणपोळीसकट. घरकामात अर्धा वाटा.' अर्धा वाटा हे मी माझ्या पदरचं घातलं. सुजितला विचारलं तर म्हणाला, खोलीत तो पाऊण वाटा उचलतो.

शनिवारी दुपारी मी सगळं काम उरकायला बसलो. मुलींचा साचा वेगळा, मुलांचा वेगळा, रंग थोडे निराळे. 'विशेष' ह्या रकान्यात बहुतेक घरांनी काहीच लिहिलं नव्हतं, म्हणून तो मी साच्यातून काढूनच टाकला होता. राहिली सुजितची एक ओळ. ती फोटोच्या चौकटीखाली बरोबर मध्यभागी यावी म्हणून मी मुलांच्या साच्यात गेलो, तिथे आखलेल्या रेघांवर ती ओळ बसवून पाहिली, केसाएवढी डावीकडे सरकवली, मग तिची नक्कल सुजितच्या स्लाइडवर त्याच जागी चिकटवली. इतक्यात मोनिकाने हाक मारली, "अहो, सिलिंडर बदलायचाय." मी उठलो. सिलिंडर बदलला. परत येऊन सुजितची स्लाइड बघितली. अशी बसली होती ओळ, जशी बोटात अंगठी.

साच्यातली ओळ साच्यातच राहिली होती.

मी मुलींच्या स्लाइड्स एकदा पाहून घेतल्या. मुलांच्या पाहिल्या नाहीत, कारण साचा एक असल्यावर एक पाहिली म्हणजे सगळ्या पाहिल्या. मग कोणी ऐन वेळी लुडबुड करू नये म्हणून सगळ्याची पीडीएफ केली, पेनड्राइव्हवर घेतली आणि मावशींच्या हातात दिली. मूळ फाइल माझ्या लॅपटॉपवर, लॅपटॉप घरी.

मेळावा चिंचवडच्या एका मंगल कार्यालयात होता. सुजितचे आईवडील गावाहून ट्रॅव्हल्सने सकाळीच आले होते. वडील चिमाजी पांढऱ्या टोपीत ताठ बसले होते. आई अंबुबाई नव्या नऊवारीत, जिथे तिथे हात लावून बघत होत्या, खुर्चीच्या कापडाला, पंख्याच्या बटणाला. सुजित त्यांच्यामागे उभा होता आणि त्याच्या शर्टाची इस्त्री त्याच्यापेक्षा आत्मविश्वासाने उभी होती.

आधी मुली. निवेदन करायला इंदुताई होत्या, निवृत्त शिक्षिका, आवाज असा की शेवटच्या रांगेतला डुलकी घेणारा माणूससुद्धा हजेरी देईल. एकेक स्लाइड आली. एकच रंग, एकच अक्षर. लोक माना डोलावत होते. मावशींनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून उघडले. मोनिकासुद्धा म्हणाली, "छान झालंय हं." मी खुर्चीत जरा पसरून बसलो.

मग मुलं. पहिला गणराज. कंपन्यांना माणसं पुरवणाऱ्या कंत्राटदाराचा एकुलता मुलगा, गळ्यात साखळी, मनगटात कडं. तो स्टेजवर येऊन उभा राहिला आणि मागे पडद्यावर त्याची स्लाइड आली. इंदुताईंनी खणखणीत वाचलं. नाव, शिक्षण, व्यवसाय, उंची. आणि मग, "स्वयंपाक उत्तम येतो, पुरणपोळीसकट. घरकामात अर्धा वाटा."

मी सरळ झालो.

गणराजने मागे वळून पडदा वाचला. ओठ हलवत वाचला. पहिल्या रांगेत त्याची आई यशोदाबाई होती. ती शेजारणीला म्हणाली, "ह्याला पाण्याचा तांब्या कुठं असतो ते ठाव न्हाई."

मुलींच्या बाजूने एका काकूंनी हात वर केला. "मुलाला विचारायचं होतं. पुरण करता, तर मग कटाची आमटी कोण करतं?"

गणराजने आईकडे पाहिलं. आई छताकडे बघत होती. कंत्राटदाराच्या पोराला एक गोष्ट उपजत येते, समोरच्याने मागितलेलं काम 'जमत नाही' असं म्हणायचं नाही. तो म्हणाला, "आमटी... आमटी आई करते. मी पोळीवर असतो."

टाळ्या पडल्या. गेल्या वर्षी ह्याच गणराजला एकही टाळी मिळाली नव्हती.

दुसरा मुलगा आला. तीच ओळ. तिसरा आला. तीच ओळ. मोनिका माझ्याकडे बघत नव्हती, पण तिचा खांदा हलत होता. मागच्या रांगेत एक गृहस्थ दुसऱ्याला म्हणाले, "मंडळाने यंदा अट घातलेली दिसतीये." दुसरे म्हणाले, "घातलीच पाहिजे. आमच्या थोरलीच्या वेळेला असती तर बरं झालं असतं."

चौथा मुलगा जरा तत्त्वाचा निघाला. बँकेत होता. त्याने माइक मागून घेतला आणि म्हणाला, "क्षमा करा, ही माहिती चुकीची आहे. मला स्वयंपाक येत नाही."

मुलींच्या बाजूला आतापर्यंत चाललेली कुजबूज थांबली आणि त्यांनी हातातल्या कागदावर काहीतरी खोडलं. मुलगा आपल्या खऱ्या माहितीसह खाली उतरला. स्टेजच्या बाजूला रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांनी हे पाहिलं. एकाने फोन काढला आणि भिंतीकडे तोंड करून कुजबुजत्या आवाजात विचारलं, "आई, पुरणात गूळ आधी घालतात का नंतर?"

मी वाकून मावशींपर्यंत गेलो. "मावशी, घोळ झालाय. ती ओळ एकट्या सुजितची आहे. साच्यात राहिली माझ्याकडून. मी घरून लॅपटॉप आणतो, तोवर थांबवा."

मावशींनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "जावईबापू, किती जणांवर आहे?"

"सगळ्यांवर."

समोर एक मुलगी, आजवर मेळाव्यात कधी तोंड न उघडलेली, उठून स्टेजवरच्या मुलाला विचारत होती, "अर्धा वाटा म्हणजे भांडी धरून का?" आणि मुलगा विचारात पडला होता. खरोखर विचारात पडला होता. मला वाटतं हा प्रश्न त्याच्या डोक्यात त्या दिवशी पहिल्यांदाच शिरला असावा.

"बसा खाली," मावशी म्हणाल्या. "इतक्या वर्षांत मुली पहिल्यांदा प्रश्न विचारतायत."

"पण खोटं आहे ते."

"दरवर्षी पगार लिहितात तो काय खरा असतो? बसा."

मी बसलो. नावं अकारविल्हे होती, त्यामुळे 'सु' यायला वेळ होता. तोवर सभागृहाला त्या ओळीची सवय झाली. पहिल्यांदा आश्चर्य होतं, मग हसू, मग त्याचा कंटाळा. इंदुताईसुद्धा ती आता 'वगैरे वगैरे' म्हणावं तशा घाईने उरकत होत्या.

सुजित स्टेजवर आला तेव्हा लोक जेवणाच्या दाराकडे बघायला लागले होते. इंदुताईंनी वाचलं. शिफ्टची नोकरी आली, कुरुळी आलं. मग शेवटची ओळ सुरू व्हायच्या आधीच मागून कोणीतरी म्हणालं, "हेही पुरणपोळीसकट." थोडे हसले. कोणी काही विचारलं नाही. सुजितने काय उत्तर द्यायचं ते पाठ केलं होतं, हे मला माहीत होतं. शुक्रवारी त्याने मला ते कँटीनमध्ये म्हणून दाखवलं होतं. त्याने एकदा पडद्याकडे पाहिलं, नमस्कार केला आणि खाली आला.

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्याच्याकडे फ्लॅट नव्हता, गाडी नव्हती, पहिल्या शिफ्टची खात्री नव्हती. एक गोष्ट होती, ती त्याने संकोचत माझ्या हातात दिली, आणि मी ती प्रसादासारखी सगळ्या मांडवाला वाटून टाकली.

जेवणं सुरू झाली. मी ताट घेऊन कोपऱ्यात उभा होतो, तेवढ्यात एक मुलगी माझ्यासमोर आली. तिची स्लाइड सकाळी येऊन गेली होती. मिनल. चाकणलाच एका कंपनीत माल पाठवण्याच्या विभागात काम करते, वडील निगडीला असतात.

"सर, स्लाइड्स तुम्ही केल्यात ना?"

मी कबूल केलं.

"ती ओळ मास्टरवर गेली ना?"

मी ताट बाजूला ठेवलं. मेळाव्यात एवढी माणसं, पण हे विचारणारी ही एकटीच.

"मीही करते स्लाइड्स," ती म्हणाली. "आमच्या साहेबांनी एकदा साच्यात 'गोपनीय' लिहून ठेवलं होतं. मग शिपायाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा गोपनीय निघाल्या. सगळ्या मुलांची ओळ एकाच जागी, जराही इकडेतिकडे नाही. मला दुसरा मुलगा आला तेव्हाच कळलं."

"तुमच्याशी खोटं बोलून उपयोग नाही," मी म्हणालो.

"मग खरी कोणाची आहे ती? त्या सुजितची ना?"

"हे कसं ओळखलंत?"

"सगळ्यांची ओळ सारखी होती, त्याची तेवढी जरा ठळक दिसली. म्हणजे एकावर एक दोनदा असणार. साच्यातली एक, आणि त्याची स्वतःची एक."

माझ्या उभ्या नोकरीत माझं काम कोणी इतकं निरखून पाहिलेलं नाही. मी विचारलं, "पण तुम्हाला ते कशाला हवंय?"

ती सरळ म्हणाली, "मला स्वयंपाकाची आवड नाही. येतो, पण आवडत नाही. आम्हा मुलींच्या स्लाइडवर ते कोणी विचारत नाही, धरूनच चालतात. म्हणून म्हटलं, ज्याचं खरं आहे त्याच्याशी बोलावं."

मी तिला सुजितकडे घेऊन गेलो. तो पाण्याच्या पिंपाजवळ उभा राहून आईसाठी पेला विसळत होता. मी ओळख करून दिली आणि दोन पावलं मागे झालो. अजून मागे व्हायला हवं होतं, पण मला ऐकायचं होतं.

मिनल म्हणाली, "एक विचारू? पुरण झालं हे कसं कळतं?"

सुजितने पेला खाली ठेवला. सकाळपासून पहिल्यांदा त्याचा चेहरा माझ्या ओळखीचा झाला. "पळी मध्ये उभी करायची. पडली नाही म्हणजे झालं. पण मी त्याच्या थोडं आधीच काढतो, गार झाल्यावर अजून घट्ट होतं. पहिल्यांदा नाही काढलं, तर पोळ्या लाटताना फुटल्या सगळ्या."

"मग काय केलं?"

"चमच्याने खाल्लं चौघांनी. चांगलं लागतं."

ती हसली. म्हणाली, "खरं सांगू का, मला पुरणपोळी फार आवडत नाही."

"मलाही नाही," सुजित म्हणाला. "आईला सांगू नका."

पुढे दिवाळीनंतर त्यांचं लग्न झालं. तिच्या वडिलांनी शिफ्टचा आणि कुरुळीचा मुद्दा बरेच दिवस धरून ठेवला होता, मिनलनेच तो सोडवला. पण त्या दुपारी हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या दुपारी फक्त दोघं पिंपाजवळ बोलत उभी होती आणि मागे पाण्यासाठी रांग लागली होती.

मी वळलो तर अंबुबाई समोर. चेहरा उजळलेला. त्यांनी मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं.

"साहेब, तुमचे लई उपकार. असा मेळावा म्या जन्मात बघितला न्हाई. केवढी गुणाची पोरं हो तुमच्या इकडं. एकूणएक पोरगं स्वयंपाक करतंय. पुरणपोळीसकट."

मी म्हणालो, "अहो आई, त्याचं असं झालं..."

"मी ह्यांना म्हनलं, आपल्या वर्षालीला इकडंच द्यायची. आमची धाकटी हो, बीएस्सीला हाय. मी चार पोरांचे नंबर घेतले बगा." त्यांनी कमरेच्या पिशवीतून चिठ्ठी काढली. पहिलं नाव गणराजचं होतं. "हे लई देखणं पोरगं. पोळीवर असतो म्हनला."

चिमाजी शेजारी बसून मान डोलावत होते. ते म्हणाले, "आमचा सुजित करतो म्हनून मी त्याला नावं ठेवायचो. बायकी काम करतो म्हनायचो. इथं येऊन बघतो तर सगळेच करतात."

मला ही चिठ्ठी तशीच जाऊ देता आली असती. मावशींनी तर दरडावून बसवलंच होतं. पण त्या माउलीच्या लेकीचा प्रश्न होता, आणि यशोदाबाईचा तो तांब्या माझ्या कानात वाजत होता. मी सगळं सांगितलं. साचा, ओळ, सिलिंडर. साच्यात राहिलं की सगळ्यांवर कसं उमटतं ते हाताने दाखवलंसुद्धा.

अंबुबाई ऐकत होत्या. साच्याचं त्यांना लगेच कळलं, करंज्या त्यांनीही केल्या होत्या. हळूहळू त्यांचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं, आता रागावतील, माझ्या लेकराचं नुकसान केलंस म्हणतील. ते त्यांच्या मनातच नव्हतं.

"म्हंजी ह्यातल्या एकालाबी येत न्हाई?"

"एकाला येतं ना आई. तुमच्या सुजितला."

"त्याला तर मीच शिकवलं," अंबुबाई म्हणाल्या. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि पिशवीत परत ठेवली. "मला वाटलं, इकडच्या लेकीसुनांचं तरी बरं चाललंय."

चिमाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. जरा वेळाने ते उठले आणि म्हणाले, "तू बस. मी पाणी घिऊन येतो." अंबुबाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. पिंपाजवळची रांग लांब होती. ते रांगेत उभे राहिले.

संध्याकाळी आम्ही पिंपळे गुरवला घरी आलो. मोनिका सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. मेळावा गाजला होता, मावशींचा फोनही येऊन गेला. यंदा चौकशा कधी नव्हत्या एवढ्या आल्या होत्या आणि पुढच्या वर्षी मुलांच्या साच्यात ती ओळ कायमचीच ठेवायची असं त्यांनी परस्पर ठरवलं होतं. मी म्हणालो, "पण ती खरी हवी ना?" त्या म्हणाल्या, "निरंजनराव, वर्षभर वेळ आहे पोरांना." आणि फोन ठेवला.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. चहा करायचा होता. आमच्या फडताळात सारख्या आकाराचे, सारख्या रंगाचे, एकाच ठशाच्या अक्षरात नावं लिहिलेले डबे ओळीने आहेत. ते मीच आणले होते. मी 'चहा' लिहिलेला डबा उघडला. आत मेथ्या होत्या. 'साखर' उघडला, तर त्यात रवा.

मी दारात येऊन विचारलं, "मोनिका, चहा पावडर कशात आहे गं?"

"हळद लिहिलंय त्यात."

"आणि साखर?"

"ती कशातच नाही," मोनिका म्हणाली. "गेल्या आठवड्यात संपली. तुम्हाला बोलले होते."